दवाखान्याच्या डेटाबेसला एन्क्रिप्शन: आधी किल्लीचं ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुंबई-ठाण्यातल्या चाळीसेक दवाखान्यांसाठी तुम्ही पेशंट रजिस्टरचं डेस्कटॉप ॲप्लिकेशन बनवलं आहे. विंडोज, सी शार्प, आणि प्रत्येक दवाखान्याच्या मशीनवर एसक्यूलाइटची (सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्या प्रणालीची) एक फाइल. ॲप उघडताना लॉगिन विचारतं, पण फाइल उघडीच आहे. गेल्या महिन्यात तुमच्या एका डॉक्टरांची लॅपटॉपची बॅग विरार लोकलच्या रॅकवर राहिली, ती मिळाली नाही. तेव्हापासून बाकीचे डॉक्टर फोन करून विचारतायत, ‘आमचा डेटा सेफ आहे ना?’ तुम्ही विचारलंय की लायब्ररी कोणती घ्यावी, पूर्ण फाइल एन्क्रिप्ट करावी (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करावी) की फक्त नाव-फोनचे कॉलम, आणि एकूण किती दिवस लागतील.

दिवसांचं आधी सांगतो. लायब्ररी बसवणं दीड दिवसाचं काम आहे. त्याच्यापुढे महिना-दीड महिना लागेल आणि तो सगळा किल्लीपायी, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला डेटा पुन्हा उघडणाऱ्या गुप्त आकड्यापायी जाईल. किल्ली कुठून येणार, कुणाकडे राहणार, विसरली तर काय, मशीन बदललं तर काय. मी वीसेक वर्षं अशीच सॉफ्टवेअर लिहितो आहे, पतसंस्थांची, दवाखान्यांची, क्लासेसच्या फीची. एन्क्रिप्शनचं गणित मोडून कुणाचा डेटा चोरीला गेलेला मी पाहिलेला नाही. किल्ली हरवून स्वतःच्याच डेटाबाहेर उभे राहिलेले लोक मात्र पाहिले आहेत, आणि त्यातल्या एका प्रकरणात चूक माझी होती. ते पुढे सांगतो.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट करा. तुमची डेटाबेस फाइल एखाद्या हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या टूलमध्ये उघडा. पहिल्याच सोळा बाइटांत ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ हे इंग्रजी अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं दिसेल. खाली जा. मोबाइल नंबर सरळ वाचता येतील, औषधांची इंग्रजी नावंही. मराठी नावं मात्र चित्रविचित्र चिन्हांची रांग वाटतील, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात आणि साधे व्ह्यूअर ते सुटे सुटे दाखवतात. ही चिन्हं पाहून ‘नावं तर आधीच लपलेली आहेत’ असं समजणारे प्रोग्रामर मला भेटले आहेत. काहीही लपलेलं नाही, योग्य व्ह्यूअरमध्ये तीच नावं जशीच्या तशी येतात. तुम्ही डिलीट केलेले पेशंटही बहुधा तिथे सापडतील. एसक्यूलाइट ओळ काढतं तेव्हा ती जागा फक्त ‘मोकळी’ म्हणून नोंदवतं. ‘सिक्युअर डिलीट’ चालू नसेल तर जुने बाइट, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत किंवा व्हॅक्यूम (मोकळी जागा काढून फाइल नव्याने लिहिणं) होईपर्यंत, तिथेच पडून असतात. हा स्क्रीन एकदा डॉक्टरांनाही दाखवा. पुढे पासवर्ड आणि रिकव्हरी कोडचा (पासवर्ड विसरल्यावर वापरायच्या छापील कोडचा) जो त्रास तुम्ही त्यांना देणार आहात, तो त्यांना त्यानंतरच पटेल.

आता, एन्क्रिप्शन कशापासून वाचवतं? हरवलेला लॅपटॉप, दुरुस्तीला दिलेली हार्डडिस्क, ड्रॉवरमधला बॅकअपचा पेनड्राइव्ह, कुणीतरी ईमेलने पाठवलेली फाइल. या चारांपासून नक्की. ॲप उघडं असताना रिसेप्शनवर बसलेल्या माणसापासून नाही. मशीनमध्ये शिरलेल्या व्हायरसपासून नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर तर तुमची एन्क्रिप्ट केलेली फाइलही खुशाल परत एन्क्रिप्ट करेल. हे डॉक्टरांना लेखी द्या.

‘बिटलॉकर आहे की, मग ॲपमध्ये कशाला?’ हा प्रश्न येणारच. बिटलॉकर म्हणजे विंडोजची अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय, ती असेल तर जरूर चालू करा. बंद मशीन चोरीला गेलं तर तो उत्तम काम करतो. पण मशीन चालू असताना कुणी फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली की ती कॉपी उघडी असते. शिवाय विंडोजच्या होम आवृत्तीत पूर्ण बिटलॉकर नसतो, आणि छोट्या दवाखान्यांत बहुतेक मशीन होमवरच चालतात. दोन्ही हवेत.

कॉलम की फाइल, यावर माझं मत पक्कं आहे: पूर्ण फाइल. एकेक कॉलम एन्क्रिप्ट केला की नावाने शोधता येत नाही, क्रम लावता येत नाही, इंडेक्सचा उपयोग राहत नाही. ते चालावं म्हणून ‘सारख्या नावाला सारखंच सांकेतिक रूप’ अशी सोय करावी, तर कोणती नोंद किती वेळा आली हे बाहेरच्याला कळतं. निदानाच्या कॉलममध्ये तेवढ्यानेही बरंच उघड होतं. आणि ‘आजार’ हा कॉलम राहून गेला, ‘शेरा’ राहून गेला, हे चालूच राहतं. डॉक्टर शेऱ्यात काय काय लिहितात ते तुम्हाला माहीत असेल. आधारचा नंबर साठवत असाल तर आधी स्वतःला विचारा की तो कशासाठी हवाय. नको असेल तर कॉलमच काढून टाका, त्याहून भक्कम संरक्षण नाही.

लायब्ररीचं लवकर आटोपतो. एसक्यूलसायफर घ्या, एसक्यूलाइटचीच पूर्ण फाइल एन्क्रिप्ट करणारी आवृत्ती. त्याची कम्युनिटी आवृत्ती मोफत आहे. परवाना बीएसडी धाटणीचा आहे, म्हणजे तुमच्या ॲपमध्ये त्यांची कॉपीराइटची सूचना दाखवणं बंधनकारक आहे, ते विसरू नका. एसक्यूलाइटच्या मूळ कर्त्यांचं स्वतःचं एन्क्रिप्शन एक्स्टेन्शनही आहे, ते विकत घ्यावं लागतं. ‘एसक्यूलाइट थ्री मल्टिपल सायफर्स’ हा तिसरा पर्याय मोफत आहे आणि चांगला आहे, तो एसक्यूलसायफरचा फॉरमॅटही वाचतो. सी शार्पसाठी जे तयार पॅकेज घ्याल ते सध्या कोण सांभाळतंय आणि शेवटचं कधी अपडेट झालं, हे पाहून मगच घ्या. स्वतःचा सायफर, म्हणजे एन्क्रिप्शनची पद्धत, लिहू नका. बाइटांना एका शब्दाशी एक्सऑर करून (सहज उलटता येणारी साधी क्रिया) ‘एन्क्रिप्शन’ म्हणणारी ॲप्लिकेशन आजही विकली जातात. जुन्या ॲक्सेसच्या एमडीबी फाइलचा पासवर्डही असाच फाइलच्या सुरुवातीला झाकून ठेवलेला असायचा, आणि तो काढून देणारी फुकट टूल ढिगाने मिळत.

एसक्यूलसायफर आत काय करतं ते माहीत असलेलं बरं. डेटाबेसचं प्रत्येक पान, म्हणजे फाइलचा ठरावीक आकाराचा तुकडा, स्वतंत्रपणे एईएस-२५६ या सायफरने एन्क्रिप्ट होतं. चौथ्या आवृत्तीत पान ४०९६ बाइटांचं असतं आणि त्याच्या शेवटी ८० बाइट राखून ठेवलेले असतात. त्यातले १६ दर वेळी नव्याने बनणाऱ्या आयव्ही या रँडम आकड्यासाठी आणि ६४ त्या पानात कुणी ढवळाढवळ केली नाही हे तपासणाऱ्या एचमॅक या शिक्क्यासाठी. फाइलच्या पहिल्या सोळा बाइटांत सॉल्ट (किल्ली बनवताना पासवर्डात मिसळायचे रँडम बाइट) असतो, म्हणून ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ ही ओळख नाहीशी होते. पासवर्ड दिला तर त्यावर पीबीकेडीएफ२ या मुद्दाम सावकाश चालणाऱ्या पद्धतीचे २,५६,००० फेरे होऊन किल्ली तयार होते. जर्नल आणि वॉल या बदल नोंदवणाऱ्या सोबतच्या फाइलींमधली पानंही एन्क्रिप्टच जातात.

आता दोन खड्डे. दोन्हींत अनुभवी माणसंही पडतात.

पहिला असा की साध्या एसक्यूलाइटला ‘प्राग्मा की’ ही किल्ली देण्याची आज्ञा माहीतच नाही (प्राग्मा म्हणजे डेटाबेसला दिलेली सेटिंगची आज्ञा), आणि माहीत नसलेल्या प्राग्माकडे ते निमूट दुर्लक्ष करतं. एरर येत नाही. तुमच्या इन्स्टॉलरमध्ये चुकून साध्या एसक्यूलाइटची डीएलएल (लायब्ररीची फाइल) गेली, तर ॲप पासवर्ड विचारेल, तो ‘लावेल’, सगळं छान चालेल आणि फाइल उघडीच राहील. म्हणून ॲप सुरू होताना ‘प्राग्मा सायफर व्हर्जन’ विचारा. उत्तर रिकामं आलं तर ॲपने तिथेच थांबलं पाहिजे. हा तपास डेव्हलपरच्या मशीनवर पुरेसा नाही, प्रत्येक दवाखान्यात प्रत्येक वेळी झाला पाहिजे.

दुसरा खड्डा: चुकीची किल्ली दिली तरी ‘प्राग्मा की’ तक्रार करत नाही. पहिलं खरं वाचन होतं तेव्हा ‘ही फाइल डेटाबेस नाही’ अशी २६ नंबरची एरर येते. तोच संदेश फाइल खराब झाल्यावर येतो आणि तोच साध्या फाइलला किल्ली लावल्यावरही येतो. डॉक्टरांनी पासवर्ड चुकवला की डिस्क बिघडली, हे तुम्हाला फोनवर कळणार कसं? याचं उत्तर किल्लीच्या रचनेत आहे.

किल्लीपर्यंत आलो आहोत तर आता माझी ती चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी गिरणगावातल्या एका पतसंस्थेला मी सॉफ्टवेअर दिलं होतं. पासवर्ड विसरण्याची भानगडच नको म्हणून किल्ली मशीनच्या हार्डडिस्कच्या सिरियल नंबरवरून बनवली. कुणाला काही लक्षात ठेवायला नको, फाइल दुसऱ्या मशीनवर नेली तर उघडणार नाही, मला फार आवडली होती ती कल्पना. दोन वर्षांनी डिस्क गेली. संस्थेने बॅकअप अगदी शिस्तीत ठेवले होते, रोजची एक सीडी. एकही सीडी नव्या मशीनवर उघडेना, कारण किल्ली मेलेल्या डिस्कबरोबर गेली होती. सुदैवाने त्या डिस्कचं लेबल शाबूत होतं. त्यावरचा नंबर वाचून, कोणते अक्षर-आकडे प्रोग्राम कोणत्या क्रमाने घेत होता हे शोधत, दोन दिवसांनी आम्ही आत शिरलो. ते दोन दिवस संस्थेच्या काउंटरवर खातेदार उभे होते आणि आतल्या खोलीत सचिव माझ्याकडे बघत बसले होते. तेव्हापासून मी किल्ली कधी एकाच वस्तूला बांधलेली नाही.

आता मी करतो ते असं. डेटाबेसची खरी किल्ली म्हणजे ३२ बाइट, पूर्णपणे रँडम, इन्स्टॉल होताना मशीनने बनवलेले. ती कुणी लक्षात ठेवत नाही, टाइपही करत नाही. एसक्यूलसायफरला ती ६४ हेक्स आकड्यांच्या कच्च्या रूपात द्यायची, म्हणजे ते स्वतः फेरे मारत बसत नाही. ही किल्ली मग वेगवेगळ्या लिफाफ्यांत बंद करून एका छोट्या फाइलमध्ये ठेवायची. एक लिफाफा डॉक्टरांच्या पासवर्डने उघडतो, एक रिसेप्शनच्या पासवर्डने, एक रिकव्हरी कोडने. लिफाफा एईएस-जीसीएमने बंद करा, त्यात चुकीची किल्ली लगेच पकडली जाते. पासवर्डपासून लिफाफ्याची किल्ली बनवायला आर्गॉन-टू-आयडी ही पद्धत वापरा. आर्गॉन-टू २०१५ साली पासवर्ड हॅशिंगची खुली स्पर्धा जिंकून पुढे आलं, आणि त्याला फेऱ्यांबरोबर मेमरीही लागत असल्याने चोराला ग्राफिक्स कार्डांची फौज लावून पासवर्ड ओळखणं महाग पडतं.

या रचनेने बरंच काही सुटतं. डॉक्टरांनी पासवर्ड बदलला की फक्त शंभरेक बाइटांचा लिफाफा नव्याने लिहायचा, आठशे एमबीचा डेटाबेस तसाच. पासवर्ड चुकला तर लिफाफाच उघडत नाही. लिफाफा उघडला आणि तरीही डेटाबेसने २६ नंबर दाखवला, तर बिघाड फाइलमध्ये आहे हे फोनवरच कळतं. रिसेप्शनची मुलगी नोकरी सोडून गेली तर तिचा लिफाफा काढून टाकायचा. पण इथे प्रामाणिक राहा: तिने आधीच फाइल आणि लिफाफ्याची कॉपी घेतलेली असेल, तर लिफाफा काढून उपयोग नाही. तसा संशय असेल तर ‘प्राग्मा रीकी’ने खरी किल्लीच बदला. आधीच बाहेर गेलेली कॉपी तेवढ्यानेही परत येत नाही. आणि बॅकअपमध्ये डेटाबेस व लिफाफ्यांची फाइल या दोन्ही एकत्रच गेल्या पाहिजेत. जुना बॅकअप जुन्याच पासवर्डने उघडेल, हे स्क्रीनवर मराठीत लिहा, नाहीतर तो फोन तुम्हाला नक्की येणार.

किल्ली प्रोग्रामच्या आत लिहून ठेवायचा मोह होईल. सी शार्पचा प्रोग्राम डीकंपाइल करून, म्हणजे परत वाचता येणाऱ्या कोडमध्ये उलटवून, ती स्ट्रिंग वाचायला दोन मिनिटं लागतात, आणि चाळीसही दवाखान्यांची किल्ली एकच निघते. विंडोजच्या डीपीएपीआय या गुपितं जपणाऱ्या सोयीत किल्ली ठेवून आपोआप उघडण्याची सोय देता येते, पण ती विंडोजच्या लॉगिनला बांधलेली असते. दवाखान्यात विंडोजला पासवर्डच नसतो, म्हणजे मशीन चालू करणाऱ्याला सगळंच खुलं. वर कुणी लोकल अकाउंटचा पासवर्ड जबरदस्तीने रीसेट केला तर डीपीएपीआयमधली किल्ली जाते. एक जादाचा लिफाफा म्हणून डेस्कटॉपवर चालेल. एकमेव लिफाफा म्हणून कधीच नाही, आणि लॅपटॉपवर तर नकोच.

आता जे कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शिकेत मला सापडलं नव्हतं ते. आपले डॉक्टर मराठीत पासवर्ड ठेवतात. ठेवू द्या, चांगलंच आहे. पण एकदा एका डॉक्टरांचा घरच्या लॅपटॉपवर ठेवलेला पासवर्ड दवाखान्याच्या मशीनवर चालेना. पासवर्ड होता त्यांच्या गावाचं नाव आणि साल, कऱ्हाड १९६८. मी समोर बसून पाहिलं, दोन्हीकडे अक्षरं हुबेहूब तीच. दिवस गेला. मग दोन्ही मशीनवर टाइप केलेले बाइट एकाखाली एक छापले, तेव्हा उलगडा झाला. ‘ऱ्ह’ दोन प्रकारे लिहिता येतो. एका कीबोर्डाने ‘ऱ’ हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर घेतलं होतं. दुसऱ्याने साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह टाकलं होतं. डोळ्यांना एकच दिसतं, बाइट वेगळे, म्हणून किल्ली वेगळी. ‘ॲ’चंही तेच: एक स्वतंत्र ‘ॲ’ आहे, आणि ‘अ’वर चंद्र देऊन बनवलेला दुसरा. आणि एकीकडे १९६८ देवनागरी आकड्यांत होतं, दुसरीकडे इंग्रजी, पण तेवढा फरक निदान दिसत तरी होता. पासवर्ड दाखवणाऱ्या डोळ्याच्या बटणाने यातलं पहिलं काहीच पकडता येत नाही.

म्हणून पासवर्ड आर्गॉनला देण्याआधी त्याला एका ठरलेल्या रूपात आणा. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहिण्याचे पर्याय एका रूपात आणणं) करा, त्याने ‘र’खाली नुक्ता देऊन केलेला ‘ऱ’ आणि स्वतंत्र ‘ऱ’ एक होतात. पण झेडडब्ल्यूजेवाला ‘र्’ आणि दोन प्रकारचे ‘ॲ’ त्याने एक होत नाहीत, ती जोडपी तुम्हाला स्वतः एका रूपात आणावी लागतील. त्यानंतर उरलेली न दिसणारी जोडचिन्हं काढून टाका आणि देवनागरी आकडे इंग्रजीत बदला. हा क्रम महत्त्वाचा आहे. जोडचिन्हं आधी काढलीत तर ‘र्‍ह’चा ‘र्ह’ होऊन बसेल. आणि या नियमांना आवृत्ती क्रमांक देऊन तो लिफाफ्यात लिहा. पुढच्या वर्षी तुम्ही नियम सुधारलात आणि जुन्या लिफाफ्यालाही नवे नियम लावलेत, तर बरोबर पासवर्ड देणारी माणसं बाहेर राहतील.

रिकव्हरी कोड. डॉक्टर पासवर्ड विसरणार हे गृहीत धरा. सोमवारी सकाळी साडेनऊला फोन येईल आणि बाहेर पंधरा पेशंट बसलेले असतील. ‘तुमच्याकडे मास्टर किल्ली असेलच ना?’ असं ते म्हणतील. ती ठेवू नका. तुमच्या ऑफिसातलं एक मशीन फुटलं की चाळीस दवाखाने उघडे पडतील, आणि ते ओझं कुणा छोट्या कंपनीने घेऊ नये. त्याऐवजी १२८ बिटांचा रँडम कोड छापून द्या. बिटलॉकरची पद्धत मी उचलली आहे: सहा आकड्यांचे आठ गट, आणि प्रत्येक गट ११ ने भागला जाणारा. त्यामुळे एखादा आकडा चुकला की त्या गटापाशीच तांबडी खूण दाखवता येते, अठ्ठेचाळीस आकडे पुन्हा वाचावे लागत नाहीत. फोनवर एकेक आकडा सुटा वाचायला सांगा. ‘एकोणसाठ’ की ‘एकोणसत्तर’ यात गल्लत होते. इन्स्टॉल करताना तो कागद छापून झाल्यावर डॉक्टरांकडूनच एकदा तो कोड टाइप करून घ्या, त्याशिवाय सेटअप पुढे जाऊ देऊ नका. कागद दवाखान्यात ठेवायचा नाही, घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरचे किती दवाखाने बुडाले ते ज्यांनी पाहिलं त्यांना कागद आणि मशीन एकाच खोलीत का नको हे समजावावं लागत नाही.

जुन्या फाइलचं रूपांतर. साध्या डेटाबेसवर ‘रीकी’ चालत नाही. नवी रिकामी फाइल किल्लीसह अटॅच करायची, ‘एसक्यूलसायफर एक्सपोर्ट’ हे फंक्शन चालवून सगळं तिच्यात ओतायचं आणि डिटॅच करायचं. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती माझ्याकडूनही सुटली होती. हे फंक्शन ‘यूजर व्हर्जन’ हा आकडा नव्या फाइलमध्ये नेत नाही. तुमचं ॲप स्कीमाची (टेबलांच्या रचनेची) आवृत्ती त्याच आकड्यावरून ओळखत असेल, तर नव्या फाइलमध्ये त्याला शून्य दिसेल आणि ते सगळे जुने बदल पहिल्यापासून चालवायला घेईल. तो आकडा स्वतः उचलून लिहा.

रूपांतर मध्येच तुटलं तरी मूळ फाइलला धक्का लागता कामा नये. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, म्हणून ‘इथे वीज जात नाही’ यावर विसंबू नका. आधी डिस्कवर जागा आहे का ते बघा. मग नवी फाइल वेगळ्या नावाने बनवा, ती बंद करून किल्लीने परत उघडा, ‘इंटिग्रिटी चेक’ (फाइल धड आहे का हे तपासणारी आज्ञा) चालवा, प्रत्येक टेबलातल्या ओळी मोजून जुन्याशी ताडा आणि मगच नावं बदला. जुनी फाइल काढताना तिच्या बाजूची वॉल आणि एसएचएम नावाची पिल्लंही काढा. एसएसडीवर ‘वरून लिहून पुसणं’ खात्रीचं नसतं, ड्राइव्ह जुने ब्लॉक मागे कुठे ठेवते ते आपल्या हातात नाही. म्हणून बिटलॉकर रूपांतराच्या आधीच चालू झालेला असेल तर उत्तम.

यानंतर तुमचा डेटा उघडा राहील तो डेटाबेसच्या बाहेर. प्रोसेस मॉनिटर (प्रोग्राम काय काय करतो ते नोंदवणारं विंडोजचं टूल) लावा, ॲपमध्ये एक पूर्ण दिवसाचं काम करा आणि ते कुठे कुठे फाइली लिहितं ते बघा. प्रिस्क्रिप्शनच्या प्रिंट प्रिव्ह्यूची पीडीएफ टेम्प फोल्डरमध्ये पडून असेल. महिन्याच्या हिशेबाचं एक्सेल डेस्कटॉपवर असेल. एरर लॉगमध्ये पूर्ण क्वेरी नावा-नंबरासकट छापलेली असेल. माझ्या एका ॲपमध्ये हे चार वर्षं चालू होतं. एसक्यूलाइटचा तात्पुरता साठा मेमरीत ठेवा, एसक्यूलसायफर तसंच कंपाइल करायला सांगतं. आणि जे ॲप बॅकअप झिप करून पाठवतं त्याकडे लक्ष द्या: एन्क्रिप्ट केलेली फाइल दाबली जात नाही. आधी जो बॅकअप झिपमध्ये लहानसा व्हायचा तो आता मूळ आकाराएवढाच राहील, आणि ईमेलने पाठवण्याची सवय असलेल्या दवाखान्यात पहिल्याच रात्री बॅकअप बंद पडेल.

वेगाची काळजी नको. रोजच्या कामात पाच ते पंधरा टक्क्यांचा फरक पडतो असं एसक्यूलसायफरचे कर्ते सांगतात, माझाही अनुभव तसाच आहे. मंद होतात ती दोन प्रकारची ॲप. एक, जी प्रत्येक क्वेरीला नवं कनेक्शन उघडतात आणि दर वेळी पासवर्डवर अडीच लाख फेरे मारतात. कच्ची किल्ली दिली की हा प्रश्न मिटतो. दोन, जी नावाच्या मधल्या अक्षरांवरून शोधताना सगळं टेबल चाळतात, कारण आता चाळलेलं प्रत्येक पान उलगडावं लागतं. फोन नंबरवर इंडेक्स ठेवा, रिसेप्शनवर बहुतेक वेळा नंबरानेच शोधतात.

कायद्याचं एवढं लक्षात असू द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, त्यांत एन्क्रिप्शनचा उल्लेख आहे, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे. जबाबदारी दवाखान्याची असेल, पण डॉक्टर विचारायला तुमच्याकडेच येणार. ज्यांचा लॅपटॉप गेला त्यांना खरं सांगा: त्या फाइलमधली नावं आज कुणीही वाचू शकतो आणि आता लिहिलेला कोड ती परत झाकू शकत नाही. पोलिसांत नोंद केली नसेल तर करायला लावा. शेवटच्या बॅकअपवरून त्या पेशंटांची यादी काढून द्या, कुणाला कळवायचं हे त्यांना ठरवता येईल.

सगळीकडे एकदम देऊ नका. आधी दोन दवाखाने निवडा, एक कॉम्प्युटरला सरावलेल्या डॉक्टरांचा आणि एक अजिबात न सरावलेल्या. जुलै-ऑगस्ट टाळा. डेंगी-लेप्टोच्या दिवसांत कुणाला पासवर्ड बदलायला वेळ नसतो. रविवारी दुपारी जा, स्वतः रूपांतर करा, रिकव्हरी कोड टाइप करून घ्या, हेक्स व्ह्यूअरमध्ये तोच जुना मोबाइल नंबर शोधून दाखवा आणि तो सापडत नाही हे डॉक्टरांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. मग टेबलाचा ड्रॉवर उघडायला सांगा. तिथे गेल्या पाच-सहा वर्षांचे उघडे बॅकअप असलेले पेनड्राइव्ह असतील, बिलबुकांच्या मागे, रबरबँड लावलेले. ते मोजून, पुसून किंवा फोडून मगच निघा.